६१७४ आणि अंकांची अदलाबदल

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. आमच्या अकोले तालुक्यात शाळेतल्या पोरांना हा आकडा पाठ असतो. आज तो जरा वेगळ्या कामासाठी घेऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर माझ्याबरोबर वजाबाकी करत चला. आरोग्याच्या सदरात हे गणित कशाला, ते पुढे येईलच.

१६४६ मधले चार अंक उतरत्या क्रमाने लिहा: ६६४१. मग तेच चढत्या क्रमाने: १४६६. मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर ५१७५. आता या उत्तराचे अंक पुन्हा तसेच मांडा. ७५५१ वजा १५५७ म्हणजे ५९९४. पुढे ९९५४ वजा ४५९९, उत्तर ५३५५. मग ५५५३ वजा ३५५५, उत्तर १९९८. मग ९९८१ वजा १८९९, उत्तर ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. आणि शेवटी ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४.

इथे थांबायचं, कारण आता पुढे जाताच येत नाही. ६१७४ चे अंक उतरत्या क्रमाने ७६४१, चढत्या क्रमाने १४६७, आणि वजाबाकी पुन्हा ६१७४. कितीही वेळा करा, तेच.

कळसूबाईला सात पायऱ्या लागल्या. या डावात सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. तुमचं जन्मसाल घ्या, गाडीच्या पाटीवरचे चार अंक घ्या, मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. ४४४४ घेतलं तर पहिल्याच फटक्यात शून्य येतं आणि डाव संपतो. बाकी कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन बसते. एक पथ्य मात्र पाळायचं. मधे उत्तर तीन अंकी आलं तर पुढचं शून्य सोडायचं नाही. ११२१ घेऊन पाहा: २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. ते ०९९९ असं लिहिलं तर पुढे ९९९० वजा ०९९९ करून गाडी चालू राहते आणि ६१७४ ला पोहोचते. शून्य गाळलं तर ९९९ वजा ९९९, सगळं शून्य. या शून्याची आठवण ठेवा, पुढे लागणार आहे.

हा शोध कुठल्या परदेशी विद्यापीठातला नाही. आमच्या डोंगररांगेच्या पलीकडे, शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीच्या एका शाळामास्तरांचा आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, आणि त्यांना ज्योतिषाचा भारी नाद. त्यामुळे घरात आकडेमोड अखंड चाललेली. मुलाने त्यातलं भविष्य सोडून दिलं आणि आकडे उचलले, असं मला नेहमी वाटतं. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला पदवी घेतली, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शिक्षकी. पदवीच्या पुढचं गणिताचं औपचारिक शिक्षण त्यांनी कधी घेतलं नाही.

६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. (१९४९ हा आकडासुद्धा सात पायऱ्या घेतो. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ ही सातच.) पुढे १९५३ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा लेख आला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच अंकांच्या उलटापालटीचा उल्लेख होता. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी हे सगळं पोरखेळ म्हणून बाजूला सारलं. अशा कामासाठी पैसा कोण देणार? ते स्वखर्चाने परिषदांना जात, पुस्तिका छापत. पेन्शन पुरेना म्हणून निवृत्तीनंतर शिकवण्या केल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि सत्तरीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ ला जगात ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

आता कारणाकडे वळू. आश्रमशाळेतली मुलं आरोग्य तपासणीला येतात, तेव्हा बाकावर ताटकळणाऱ्यांना मी हा डाव देतो. सूचना न देता गप्प बसवण्याचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. बहुतेकांना गंमत वाटते. एकदा सातवीतल्या एका मुलीने सहा आकडे करून पाहिले आणि विचारलं, “सर, पण का?” आरोग्य तपासणीच्या रांगेत याहून मोलाचा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

उत्तर नऊ या अंकात आहे. ७२ आणि २७ घ्या. सात दशकस्थानी होता तेव्हा त्याची किंमत ७०. तो एककस्थानी आला की किंमत ७. म्हणजे घट ६३ ची, सातच्या नऊपटीची. दोनचं उलटं झालं: २ चे २० झाले, वाढ १८ ची, दोनच्या नऊपटीची. एकूण फरक ४५, म्हणजे नऊ गुणिले पाच, आणि पाच हा सात आणि दोन यांतला फरक. दोन शेजारच्या अंकांनी जागा बदलल्या की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातला येतो. शतक आणि दशक बदलले तर नव्वदच्या पाढ्यातला. पहिला आणि चौथा अंक बदलले तर ९९९ च्या पाढ्यातला. नऊ काही सुटत नाही.

कापरेकरांच्या डावात उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करताना नेमकं हेच होतं. बाहेरचे दोन अंक, म्हणजे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान, एकमेकांची जागा घेतात. आतले दोन तसेच. म्हणून उत्तर येतं ते असं: बाहेरच्या अंकांमधला फरक गुणिले ९९९, अधिक आतल्या अंकांमधला फरक गुणिले ९०. कळसूबाईसाठी बाहेरचा फरक सहा वजा एक, पाच. आतला सहा वजा चार, दोन. ९९९ पाच वेळा म्हणजे ४९९५, त्यात १८० मिळवले की ५१७५. वर आलेलं उत्तर तेच.

म्हणजे मूळ संख्या कुठलीही असो, पहिल्या वजाबाकीनंतर तिची ओळख पुसली जाते. उरतात फक्त दोन फरक. बाहेरचा फरक एक ते नऊ, आतला शून्यापासून बाहेरच्याइतका. मोजून पाहा, जोड्या होतात ५४. शून्य पुढे धरून चार अंकी संख्या दहा हजार, त्यातल्या दहा सारख्या अंकांच्या सोडल्या तर ९९९०, आणि या सगळ्या एका पायरीत ५४ संख्यांच्या गर्दीत येऊन कोंबल्या जातात. त्या ५४ पैकी स्वतःवरच परत येणारी एकच: बाहेरचा फरक सहा, आतला दोन. ५९९४ अधिक १८०, ६१७४. बाकीच्या ५३ च्या वाटा तिच्याकडेच जातात, हे एका संध्याकाळी पाटीवर तपासून होतं. यात चमत्कार नाही, पण म्हणून मजा कमी होते असंही नाही. मला तर कारण कळल्यावर जास्त मजा आली.

चमत्कार नाही याचा आणखी एक पुरावा. दोन अंकी संख्यांना असा मुक्काम मिळतच नाही. ८१ वजा १८ म्हणजे ६३, ६३ वजा ३६ म्हणजे २७, ७२ वजा २७ म्हणजे ४५, ५४ वजा ४५ म्हणजे ९, ९० वजा ०९ म्हणजे पुन्हा ८१. घाण्याच्या बैलासारखं फिरत राहायचं. तीन अंकांना ४९५ हा मुक्काम आहे. पाच अंकांना पुन्हा फेऱ्याच, थांबा नाही. सहा अंकांना दोन थांबे आणि शिवाय एक फेरा.

६१७४ ची आणखी दोन-तीन लक्षणं सांगतो आणि मग दवाखान्यात जाऊ. तिच्या अंकांची बेरीज १८. तिला १८ ने भाग जातो आणि भागाकार येतो ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. १८ चा घन ५८३२, वर्ग ३२४ आणि स्वतः १८, या तिघांची बेरीजही ६१७४ च. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनीच नाव दिलं होतं, ‘हर्षद’, आनंद देणारी. म्हणजे ६१७४ त्यांच्याच दुसऱ्या कुटुंबातलीही निघाली.

आमच्याकडे रोज कामाला येणारे आकडे पाहा. राज्यात २०१४ पासून रुग्णवाहिकेसाठी फिरवायचा क्रमांक १०८. बेरीज नऊ, बारा वेळा भाग जातो, हर्षद. गरोदर मातांच्या गाडीचा १०२. बेरीज तीन, भाग ३४ वेळा, हर्षद. सगळ्या आपत्तींसाठी एकच असा ११२. बेरीज चार, भाग २८ वेळा, तोही हर्षद. कुणाला वाटेल यात काही संकेत आहे. अजिबात नाही. एक ते शंभरमध्येच ३३ हर्षद संख्या आहेत. ज्या गोष्टी इतक्या मुबलक असतात त्या जिथे तिथे सापडणारच. आरोग्य सल्ल्याचा १०४ हर्षद नाही, आणि त्यावर फोन करणाऱ्याचं त्यामुळे काही अडलेलं नाही. शस्त्रक्रियेची तारीख ‘चांगल्या अंकाची’ हवी म्हणून चार दिवस पुढे ढकलणारे नातेवाईक मला अधूनमधून भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो की अपेंडिक्सला अंक वाचता येत नाहीत.

पण नऊचा तो अदलाबदलीचा गुण मात्र योगायोग नाही. त्याला कारण आहे, म्हणून त्याच्यावर काम टाकता येतं. दवाखान्यात अंकांची अदलाबदल ही रोजची गोष्ट आहे. वजन, औषधाची मात्रा, नाडी, रक्तदाब, साठ्याची नोंद, बेड क्रमांक. दिवसभरात एका सिस्टरांच्या हातून शेकडो अंक लिहिले जातात, तेही मधे फोन वाजत असताना आणि दारात कुणी हाका मारत असताना.

त्यात मराठी भाषा आपल्याला आणखी एक पेच घालते. आपण चौतीस म्हणतो तेव्हा तोंडातून आधी चार निघतात आणि मग तीस. लिहिताना मात्र आधी तीन, मग चार. एकवीस, पंचवीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव, सगळीकडे एकक आधी बोलला जातो. हिंदीत तसंच, जर्मनमध्येही तसंच. इंग्रजीत वीसच्या पुढे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्ट हे ‘साठ तीन’ असंही वाचायची पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली! छत्तीस आणि त्रेसष्ट या शब्दांवर माझंही प्रेम आहे, पाढे मी त्यातच शिकलो. पण एक जण मोठ्याने सांगतो आणि दुसरा घाईत लिहितो, तिथे काय होतं हे ज्याने पाहिलं आहे, तो त्या पुस्तकाला हसणार नाही.

चौतीस आणि त्रेचाळीसचंच घ्या. क्षयरोगाची एकत्रित गोळी वजनाच्या गटाप्रमाणे देतात. मोठ्या माणसांत २५ ते ३४ किलोला रोज दोन गोळ्या, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. काट्यावर त्रेचाळीस किलो भरले, सांगणाऱ्याने ‘त्रेचाळीस’ म्हटलं, लिहिणाऱ्याच्या कानावर आधी तीन पडले आणि कागदावर ३४ उतरले, तर त्या रुग्णाला रोज एक गोळी कमी मिळते. एक तृतीयांश मात्रा गायब. क्षयरोगात अपुरी मात्रा म्हणजे जंतूंना औषधाशी ओळख करून देणं. फरक किती? ४३ वजा ३४, नऊ.

लहान मुलांत तर एका दशांशावर श्रेणी बदलते. आमच्या भागातल्या अंगणवाड्यांमधून सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांचा दंडघेर मोजतात. पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’. ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम, ‘मॅम’. आता एखाद्या बाळाचा दंडघेर ११.२ आला आणि वहीत १२.१ लिहिला गेला, तर शेजारच्या दोन अंकांनी फक्त जागा बदलली. फरक ०.९. पण ते बाळ लाल पट्ट्यातून पिवळ्यात गेलं. तपासणी, विशेष आहार, पाठपुरावा, सगळ्याची निकड त्या वहीपुरती कमी झाली. बाळाच्या दंडावरची पट्टी मात्र लालच होती.

अदलाबदलीचा धोका कुठे जास्त असतो? जिथे दोन्ही आकडे खरे वाटतात तिथे. दीड वर्षाच्या पोराचं वजन ९१ किलो लिहिलं तर कुणीही थांबेल. ६.८ च्या जागी ८.६ लिहिलं तर कुणी थांबणार नाही, दोन्ही वजनांची मुलं समोर बसलेली असतात. पॅरासिटामॉलच्या एका डोसात तो फरक निभावून जाईल. जेंटामायसिनसारख्या औषधात किलोमागे हिशेब असतो आणि गाठ मूत्रपिंडांशी आणि कानाशी असते. इन्सुलिनचे १२ युनिट आणि २१ युनिट, दोन्ही रोजचेच. ज्याला १२ हवेत त्याला २१ गेले तर पहाटे साखर कुठे जाईल ते सांगायला नको.

इथे नऊची परीक्षा उपयोगी पडते. औषधसाठ्याच्या वहीत महिनाअखेरची शिल्लक जुळत नसेल तर आधी फरक काढा. समजा ओआरएसची पाकिटं प्रत्यक्षात १३२७ आणि वहीत १३७२. फरक ४५. नऊने भाग जातो, पाच वेळा. म्हणजे ज्या दोन अंकांत पाचचा फरक आहे असे शेजारचे अंक शोधा: सात आणि दोन. जुने मुनीम हे डोळे मिटून करत. कपाट पुन्हा मोजण्याआधी, कुणावर संशय घेण्याआधी, एक मिनिटाचा भागाकार करून पाहावा. वजनाच्या नोंदींचंही तसंच. मागच्या भेटीचं वजन आणि आजचं वजन यांतला फरक अचानक मोठा दिसला आणि दशांशचिन्ह विसरून त्याला नऊने भाग गेला, तर पुन्हा एकदा काट्यावर उभं करावं. जास्तीत जास्त काय, रुग्ण दोन मिनिटं वैतागेल.

दशांशचिन्ह सरकण्याची चूकसुद्धा नऊच्या जाळ्यात येते. ५ चे ५० झाले तर फरक ४५. ४ चे ४० झाले तर ३६. दहापट झालेल्या संख्येतून मूळ वजा केली की उरते नऊपटच. ही चूक अदलाबदलीपेक्षा भयंकर, कारण मात्रा थेट दहापट होते किंवा दहावा हिस्सा. म्हणून डॉक्टरांनी ५ लिहावं, ५.० लिहू नये, तो टिंब पुसट झाला की ५० होतात. आणि अर्धा लिहिताना ०.५ लिहावा, पुढचं शून्य गाळून नुसता .५ नव्हे, टिंब दिसलं नाही की ५ होतात. कापरेकरांच्या डावात गाळलेलं शून्य डाव मोडतं. चिठ्ठीतलं गाळलेलं शून्य काय मोडेल ते औषधावर अवलंबून. इन्सुलिनपुढे इंग्रजी ‘यू’ एवढंच अक्षर लिहायची सवयही सोडावी. घाईतला ‘यू’ शून्यासारखा दिसतो, चारचे चाळीस होतात. ‘युनिट’ हा शब्द पुरता लिहायला दोन सेकंद लागतात.

आता नऊची मर्यादा. कुठल्याही तपासणीबद्दल आम्हाला दोन प्रश्न विचारायची सवय असते: आजार असताना ती किती वेळा चुकून ‘नाही’ म्हणते, आणि आजार नसताना किती वेळा उगाच ‘आहे’ म्हणते. नऊच्या परीक्षेलाही तेच विचारू. कारण काहीही असलं तरी दोन आकड्यांमधल्या फरकाला निव्वळ योगायोगाने नऊने भाग जाण्याची शक्यता साधारण नऊत एक. म्हणजे भाग गेला की अदलाबदल झालीच, असं नाही. फक्त कुठे पाहायचं ते कळलं. आणि भाग गेला नाही म्हणजे नोंद बिनचूक, असं तर मुळीच नाही. एकच अंक चुकला तर नऊ बहुधा गप्प बसतो.

अशा चुका आमच्याकडे भरपूर, आणि त्यांचं एक मूळ दोन लिप्यांत आहे. सरकारी दवाखान्यातल्या वह्यांत देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच पानावर नांदतात. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. देवनागरी ७ घाईत लिहिला की इंग्रजी सहा. फरक आठ, चार, एक. एकालाही नऊने भाग जात नाही. एका वहीत एकच लिपी, हा यावर साधा उपाय. इन्सुलिनच्या ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली तर कागदावरचा आकडा बरोबर असतो आणि टोचलेली मात्रा अडीचपट चुकते. तिथे कुठलंच गणित मदतीला येत नाही, बाटलीवरचं आणि सिरिंजवरचं वाचावंच लागतं.

अंकांची बेरीज जुळवून तपासायची जुनी रीत काहींना आठवत असेल. गुणाकार बरोबर आहे का हे पाहायला आपण नऊ-नऊ टाकून देत असू. ती रीत अदलाबदलीपुढे पूर्ण आंधळी आहे, कारण १३२७ ची बेरीज १३ आणि १३७२ ची बेरीजही १३. म्हणून महत्त्वाच्या क्रमांकांना वेगळा पहारेकरी लागतो. तुमच्या आधार क्रमांकाचा बारावा अंक असाच पहारेकरी आहे. तो आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो. याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने तो काढतात. कुठलाही एक अंक चुकला किंवा शेजारच्या कुठल्याही दोन अंकांनी जागा बदलली, तर हिशेब बसत नाही आणि संगणक क्रमांक घेतच नाही. केसपेपर काढताना खिडकीवर ‘आधार चुकीचा’ असं येतं तेव्हा बहुतेक वेळा माणूस खरा असतो, दोन अंक इकडचे तिकडे झालेले असतात.

वजनाला आणि दंडघेराला असा बारावा अंक नसतो. तिथे पहारा माणसालाच द्यावा लागतो. ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा, आणि तोही अंक सुटे करून: ‘त्रेचाळीस, चार-तीन’. वाचकांना हे घरीही करता येईल. बाळाचं वजन कार्डावर लिहिलं की ताईंना विचारा, “सहा-आठ की आठ-सहा?” त्यांना राग येणार नाही, आला तर थोडा येऊ द्या. इन्सुलिनचा डोस बदलला तर चिठ्ठी हातात घेऊन, “एक-दोन, बारा ना?” असं डॉक्टरांसमोर वाचा. घरी वजन-साखरेची वही असेल तर एकाच्याच हाताने लिहा, एकाच लिपीत. आणि दंडघेराच्या नोंदीत आकड्याशेजारी रंगही लिहिला जावा, असं मी भेटेल त्या अंगणवाडी ताईंना सुचवतो: ‘११.२, लाल’. घाईत ११.२ चे १२.१ होतात, पण ‘लाल’ हा शब्द लालच राहतो.